पहिल्या तीन फ्रेम

मोठ्या बाईंनी तो कागद टेबलाच्या मधोमध सरकवला तेव्हा सरांनी आधी आपला चष्मा पुसला. कागदावरचं चित्र त्यांच्याच लॅबमध्ये छापलेलं होतं. अर्ध्या तासापूर्वी त्यांनीच छापून कारकुनाच्या हातात दिलं होतं, पण घाईघाईत ते नीट पाहायचं राहून गेलं होतं. आता पाहिलं. वरच्या मजल्याचा व्हरांडा, टोकाला सामानाच्या खोलीचं दार, दाराची कडी, आणि दारासमोर किंचित वाकून उभ्या असलेल्या, बाह्या वर सारलेल्या शाळेच्या मावशी. खाली कॅमेरा तीन, कालची तारीख, वेळ अकरा वाजून चौदा मिनिटं. टेबलाभोवतीच्या सगळ्या माना चित्रातल्या मावशींवर झुकल्या होत्या. सरांची नजर मात्र तिथे ठरेना. ती चित्राच्या डाव्या कडेला घसरली. भिंतीलगत एक फिकट, उभी, करडी आकृती होती, धुरातून दिसावी तशी. आग विझवायचं नळकांडं. आणि वरच्या व्हरांड्यात तसलं नळकांडं नाहीच. शाळेत ते एकच आहे, खालच्या व्हरांड्यात, पाण्याच्या नळांपाशी टांगलेलं. जिना उतरताना शेवटची पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं सरांना झालं.

"काय सर, स्पष्ट आहे ना?" संचालकांनी विचारलं.

"हो," सर म्हणाले. मग घसा खाकरून, "तसं स्पष्टच आहे."

झालं होतं ते एवढंच, आणि एवढंही पुष्कळ होतं. दुसरीतली एक मुलगी, खेळात सगळे तिला कायम लिंबूटिंबू धरायचे म्हणून शाळेभर जिचं नाव लिंबू पडलं होतं, ती काल मधल्या सुट्टीनंतर वर्गात नव्हती. वर्गाच्या बाईंना वाटलं, घरी गेली असेल. दोन तासांनी कुणीतरी नकाशा आणायला वर गेलं, सामानाच्या खोलीची कडी काढली, आणि मोडक्या बाकांच्या मागे लिंबू सापडली. कपडे ओले, नखांत दाराचा रंग, आणि घसा इतका बसलेला की आईला हाक मारतानाही नुसती हवा बाहेर येत होती. वर त्या वेळी वर्ग नसतात, कुणाला ऐकू जाणार? कडी बाहेरून होती, आणि उंचावर होती. म्हणजे कुणीतरी मोठ्या माणसाने घातली. लिंबूच्या आईने काल फाटकातच सांगितलं होतं, मला नाव हवंय. आणि संचालक म्हणाले होते, नाव कशाला, फोटो देतो.

ते कॅमेऱ्यांचं यंत्र सरांचं होतं. शाळेचं, पण सरांचं. दोन वर्षांपूर्वी एका टाकाऊ संगणकाच्या पोटातून त्यांनी एक कार्ड काढलं होतं, टीव्हीचं चित्र संगणकात घेणारं. पाठीला चार खोबण्या, म्हणजे चार कॅमेरे लावता येतील. पण आतली चिप एकच. एकाच डोळ्याने चार ठिकाणी पाहायचं, आधी इथे, मग तिथे, मग तिकडे, आणि पुन्हा इथे. मुलांना ते सांगत, "समजा चार वर्गांची परीक्षा आहे आणि पहारा करायला मी एकटा. काय करीन? या दारातून डोकावीन, मग पळत त्या दारात जाईन." "पण सर, तुम्ही त्या दारात असताना आम्ही या वर्गात कॉपी करू!" एक कार्टं ओरडलं होतं. "शाब्बास! हेच तर या कार्डाचं दुखणं आहे," सर म्हणाले होते, आणि ते कार्टं दिवसभर छाती काढून हिंडलं होतं. कार्ड बनवणाऱ्यांनी दिलेलं सगळं कधीच हरवलेलं होतं. मग सरांनी ओपन सोर्स ड्रायव्हर वापरायचं ठरवलं. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचं बोलणं संगणकाला समजावून सांगणारा दुभाष्या, आणि हा दुभाष्या कुठकुठल्या माणसांनी आपापलं काम संपवून, हौसेने लिहिलेला होता. कुणीही उघडावा, वाचावा, पटलं नाही तर बदलावा. सरांना ही गोष्ट फार आवडली होती. वही उघडी ठेवून गणित सोडवण्यासारखं. पण त्या कार्डाला स्वतःचं नावच सांगता येत नव्हतं. ड्रायव्हर म्हणे, ओळखत नाही बुवा, क्रमांक तुम्हीच सांगा. सोबत दीडशेच्या वर कार्डांची यादी. सरांनी एकापासून सुरुवात केली. क्रमांक द्यायचा, ड्रायव्हर काढून पुन्हा चढवायचा, पडद्याकडे पाहायचं. कधी निळा पडदा, कधी काळा, कधी चित्र यायचं पण ताग्यावरून कापड उलगडावं तसं वर वर सरकत जायचं. तीन आठवडे. आणि एकशे त्रेचाळीसाव्या क्रमांकाला पडद्यावर लॅबमधली त्यांची स्वतःची रिकामी खुर्ची दिसली. साधी, एक हात मोडलेली खुर्ची. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मुलगा झाला तेव्हाही एवढे हसला नव्हतात. त्या कार्डाशीच लग्न लावायचं होतंत." ते खरं होतं, म्हणून त्यांना जरा लागलंही होतं.

चार कॅमेरे जोडले, दर मिनिटाला प्रत्येकाचं एक चित्र साठवायची सोय केली, आणि चित्रं विचित्र येऊ लागली. फाटकातल्या माणसाच्या पोटातून लॅबचं दार दिसायचं. तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा इंटरनेटवर आपसात पत्रव्यवहार चाले. सरांनी भीत भीत तिथे प्रश्न टाकला. उत्तर कुणा अनोळखी माणसाकडून आलं, शांत, एकेक पायरी उलगडून सांगणारं, चांगल्या शिक्षकाचं. त्यात लिहिलं होतं की चिपने कॅमेरा बदलला तरी थोडा वेळ तिच्या हातात आधीच्या कॅमेऱ्याचं चित्र शिल्लक असतं. एक फ्रेम, म्हणजे एक पूर्ण चित्र, दोन भागांत घेतली जाते, आधी विषम ओळी, मग सम ओळी. मधेच कॅमेरा बदलला तर विषम ओळी एका जागेच्या आणि सम ओळी दुसऱ्या जागेच्या येतात, आणि दोन्ही मिळून एक तिसरीच जागा तयार होते, जी कुठेच नसते. म्हणून कॅमेरा बदलल्यावर पहिल्या तीन फ्रेम फेकून द्या. आणि शेवटी एक ओळ: नाही फेकल्या, तर अशा चित्रावरून कुणाचा निवाडा करू नका. सरांनी ते उत्तर वर्गात वाचून दाखवलं होतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून मुलांना विचारलं होतं, "सांगा, हा हात कुणाचा? डावा की उजवा?" आणि सेटिंगमध्ये तीन हा आकडा घातला होता.

मग संचालक पाहायला आले. सोबत पाहुणे. संचालकांनी पडद्यापुढे मान वाकडी केली आणि म्हणाले, "अहो सर, ही माणसं चालतायत की टुणटुण उड्या मारतायत?" पाहुणे हसले. तीन फ्रेम फेकल्यावर उरतं तेवढंच दिसणार, त्यामुळे माणसं दर वेळी एक पाऊल पुढे उगवायची. सरांनी उभ्या उभ्या तिनाचं शून्य केलं. चित्र तुपासारखं वाहू लागलं. वरच्या ओळीत त्यांनी स्वतःसाठी टिपण ठेवलं, तात्पुरते, पाहुणे गेल्यावर परत तीन करणे. पाहुणे गेले. त्याला आठ महिने झाले. ते विसरले असं म्हणता येत नाही. ते टिपण त्यांच्या नजरेसमोरून अधूनमधून जात होतं, परत न केलेल्या पुस्तकासारखं. पण वाहतं चित्र सगळ्यांना आवडलं होतं, त्यांनाही. वार्षिक समारंभात त्यांना शाल नाही, पण टाळ्या मिळाल्या होत्या, आणि टाळ्यांच्या भरात ते माइकवर म्हणून गेले होते, "माणूस विसरतो, माणूस खोटं बोलतो. यंत्र यातलं काहीच करत नाही." हे वाक्य नंतर मोठ्या बाईंनी फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं, आणि ते अजून तसंच होतं.

"लिंबूला आत आणा," मोठ्या बाई म्हणाल्या.

ती आईचा हात धरून आली. मावशी दाराशीच उभ्या होत्या. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं. बावीस वर्षं त्या या शाळेत पोरांची नाकं पुसत, चपलांचे जोड लावत, रडणाऱ्याला पोटाशी धरत आल्या होत्या, आणि शाळेच्या मागच्या खोलीत राहत होत्या. लिंबू शाळेत पहिल्या दिवशी आली ती मावशींच्या कडेवर बसून, आणि पुढे महिनाभर उतरायलाच तयार नव्हती.

"लिंबू, बाळा, घाबरायचं नाही," मोठ्या बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. "हे कोण आहे सांग बरं?"

"मावशी."

"आणि काय करतायत?"

लिंबू आईला चिकटली.

"दार लावतायत ना? बघ नीट. तू आत होतीस, आणि मावशी दार लावतायत. हो ना?"

लिंबूने चित्राकडे पाहिलं नाही. तिने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. चौतीस वर्षं सरांनी ही नजर पाहिली होती. मूल उत्तर फळ्यावर शोधत नाही, बाईंच्या भुवयांत शोधतं. भुवया उंचावल्या की ते हो म्हणतं, आक्रसल्या की नाही म्हणतं, आणि बहुतेक वेळा पास होतं. मोठ्या बाईंच्या भुवया उंच गेल्या होत्या. लिंबूची मान हलली.

"शाब्बास," मोठ्या बाई म्हणाल्या.

"लिंबे!" मावशी दारातून म्हणाल्या. "अगं, मी गं? मी खाली नळाशी नव्हते का? तुझीच बाटली भरून ठेवत होते ना?"

लिंबू आईच्या मागे गेली. आई म्हणाली, "तिच्याशी बोलू नका तुम्ही. तिच्याकडे बघूसुद्धा नका."

सर बोलू शकले असते. वाक्य तयार होतं, अगदी पहिलीतल्या पोराला कळेल असं. टेबलाखाली त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आपोआप एकमेकांत अडकली होती. ते हात नुसते वर उचलायचे होते. बघा, हा मावशींचा हात, हा दाराचा. मावशी खालच्या व्हरांड्यातून आल्यात, कडी वरच्या. भिंती त्याच, फरशी तीच, म्हणून कळत नाही, पण हे नळकांडं बघा. एका मिनिटाचं काम. पण त्या मिनिटानंतरचं मिनिट त्यांना दिसत होतं. संचालक म्हणतील, म्हणजे सर, तुमचं यंत्र आठ महिने खोटं बोलतंय? कारकून मान खाली घालून हसेल. फळ्यावरचं वाक्य कुणीतरी पुसेल आणि पुसताना सगळे आपल्याकडे बघतील. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, आणि संस्थेच्या बाकीच्या पाच शाळांतही सरांनीच कॅमेरे बसवावेत असं गेल्याच आठवड्यात ठरलं होतं. हात टेबलाखालीच राहिले. बोटं इतकी घट्ट आवळली गेली की नंतर सुटी करताना दुखली.

"कबूल करून लिहून दिलंत आणि निमूट गेलात तर पुढे कुठे नेणार नाही," संचालक मावशींना म्हणाले. "नाहीतर हे चित्र आहेच. विचार करा उद्यापर्यंत."

लॅबकडे जाताना सरांना एक जुनी विद्यार्थिनी आठवली. नोकरीचं तिसरं वर्ष होतं, चौथीचा वर्ग, अपूर्णांकांचा तास. तिने फळ्यावर गणित सोडवलं आणि सरांनी सगळ्यांदेखत ते चूक ठरवलं. वर्ग हसला. ती एवढंच म्हणाली, "पण सर, मी दोनदा करून बघितलंय." "मग तिसऱ्यांदा कर," सर म्हणाले, आणि वर्ग पुन्हा हसला. संध्याकाळी वह्या तपासताना त्यांना कळलं की तिचंच बरोबर होतं. रात्र वाईट गेली. सकाळी ते ठरवून आले, पहिल्या तासाला उभं राहून सांगायचं, माझी चूक झाली. मनात दोनदा म्हणूनही पाहिलं होतं. वर्गात शिरले तर ती धावत पुढे आली आणि तिने वही उघडली. बरोबर उत्तर खोडरबराने इतकं घासलं होतं की कागदाला भोक पडायचं राहिलं होतं, आणि त्या जागी, सुरेख अक्षरात, सरांचं चुकीचं उत्तर होतं. "तिसऱ्यांदा केल्यावर आलं, सर," ती म्हणाली. तिचं तोंड फुललं होतं. सर तिच्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "छान." का म्हणालो, हे पुढे कितीतरी वेळा त्यांनी स्वतःला विचारलं. तिचा आनंद मोडवेना म्हणून, असं एक उत्तर होतं. ते उत्तर त्यांना आवडायचं.

दुपारी शाळा सुटल्यावर ते वरच्या मजल्यावर गेले. सामानाच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. सरांना सवय होती, कुठलीही गोष्ट हातात घेऊन पाहायची. त्यांनी दार पूर्ण उघडलं आणि सोडून दिलं. समोरच्या खिडकीतून वारा येत होता. दार आपोआप फिरलं, धाडकन आपटलं, आणि त्या धक्क्याने वर उभी राहिलेली जड लोखंडी कडी खळकन आपल्या खाचेत पडली. सर उभेच राहिले. पुन्हा केलं. पडली. तिसऱ्यांदा नाही पडली, चौथ्यांदा पडली. म्हणजे कुणीच नव्हतं. पोर काहीतरी शोधायला आत गेली, वाऱ्याने दार लागलं, बस. या सगळ्या गोष्टीत दुष्ट असं कुणी नव्हतंच. क्षणभर त्यांना इतकं हलकं वाटलं की ते हसले. मग हळूहळू लक्षात आलं, हे जाऊन सांगायचं तर कडी आपोआप पडते एवढ्यावर भागणार नाही. मग ते चित्र कुठून आलं, असं पहिला माणूस विचारणार. कडीचं खरं आणि चित्राचं खरं एकाच दोरीला बांधलेलं होतं. एक ओढलं की दुसरं येणार. खाली आल्यावर त्यांनी कारकुनाला सांगितलं, "वरच्या त्या खोलीची कडी सुताराकडून बदलून घ्या. खाली, मुलांच्या हाताला येईल अशी आणि आतून उघडेल अशी बसवा. पुन्हा असा प्रसंग नको."

"आजच बोलावतो," कारकून म्हणाला. "पोरांची काळजी तुम्हालाच हो, सर. बाकीच्यांना काय."

सरांना ते ऐकून बरं वाटलं, आणि बरं वाटलं हे कळल्यावर कानशिलं तापली. लॅबमध्ये बसून त्यांनी सेटिंगची फाइल उघडली. शून्याचे तीन केले. वरचं टिपण पुसलं. ड्रायव्हर काढून पुन्हा चढवला, आणि तासभर एकेक चित्र तपासलं. फाटक फाटकात होतं, नळ नळांपाशी होते, कुणाच्या पोटातून काही दिसत नव्हतं. यंत्र आता खरोखर खोटं बोलत नव्हतं. उद्या कुणी शंका घेतली, कुणी तज्ज्ञ आणला, तरी त्याला सगळं जागच्या जागी सापडेल. जुनी चित्रं आठ दिवसांनी आपोआप पुसली जात. तीही सोय त्यांनीच केलेली होती. घरी बायकोने विचारलं, "त्या मावशींचं काय झालं हो?" सर म्हणाले, "चित्र आहे ना." ती म्हणाली, "चित्र राहू दे. तुम्हाला काय वाटतं?" सर म्हणाले, "मला वाटून काय उपयोग?" आणि जेवताना नातवाला त्यांनी आवाज हवेतून कसा जातो ते दोन वाट्या वाजवून समजावून सांगितलं. नातू खूश झाला. समजावून सांगण्याइतकं त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मावशी लॅबच्या दारात उभ्या राहिल्या.

"येऊ का सर? मुलांत जायचं नाही म्हणून सांगितलंय मला. इथे मुलं नाहीत ना आत्ता?"

"या, बसा."

त्या मोडक्या खुर्चीवर टेकल्या, अर्ध्याच. डोळे सुजले होते. "मला एक समजावून सांगा. तुमच्याशिवाय कुणाला विचारू? बाकीचे ओरडतात नुसते. ते यंत्र चुकतं का हो?"

प्रश्न सरळ होता. सरांनी पाणी पुढे केलं. मावशींनी ते घेतलं नाही.

"चित्र दाखवता एकदा? काल मी लांबूनच पाहिलं."

सरांनी दाखवलं. त्या बराच वेळ पाहत राहिल्या, मग बोट ठेवून म्हणाल्या, "मीच आहे. हे इथे कडेला काय आहे, करडं?"

"शाई," सर म्हणाले. "प्रिंटर जुना झालाय."

"तसंच असेल." त्यांनी कागद परत ठेवला, कोपरे जुळवून. "पण सर, मी नळाशी होते. बाटल्या भरत होते. देवाशपथ."

सर खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. कच्च्या मुलाला घेऊन बसतात तसे, गुडघे जवळ, आवाज खाली. आणि ते सांगू लागले. कॅमेऱ्याची काच, काचेतून आत येणारा उजेड, तारेतून येणारं चित्र, कार्ड, ड्रायव्हर, घड्याळ. सगळं खरं सांगितलं, एक गोष्ट सोडून. मावशी मान हलवत ऐकत होत्या. कुणी त्यांना इतका वेळ देऊन काही शिकवलं नव्हतं.

"आता तुम्हीच सांगा," सर म्हणाले. उत्तर आपण द्यायचं नाही, मुलाच्याच तोंडून काढायचं, ही त्यांची जन्मभराची रीत. "उजेड कुणाची बाजू घेतो का?"

"नाही."

"तारेला तुमचा राग आहे?"

"तारेला कसला राग?" मावशी किंचित हसल्यासुद्धा.

"बरं. अलीकडे तुम्ही कधी नळ चालू ठेवून विसरला होतात?"

"मागच्या महिन्यात. अख्खा व्हरांडा भरला पाण्याने."

"आणि किल्ल्या?"

"त्या तर रोजच्याच. परवा चष्मा डोक्यावर आणि शोधतेय घरभर."

"पण त्या वेळी तुम्हाला काय वाटत होतं? चष्मा कुठे आहे?"

"वाटत होतं, खिडकीत ठेवलाय. अगदी डोळ्यांसमोर दिसत होता खिडकीत."

"पाहा बरं," सर हळूच म्हणाले. "डोळ्यांसमोर दिसत होता. आणि होता कुठे?"

बाहेर मुलं ओरडत होती, चेंडू भिंतीवर आपटत होता. सर थांबून राहिले. घाई करायची नाही, मूल विचार करतं तेव्हा शिक्षकाने हातातला खडूसुद्धा हलवायचा नाही, हे ते नव्या शिक्षकांना सांगत.

"म्हणजे बाटल्या भरल्याचं मला जे आठवतंय," मावशी सावकाश म्हणाल्या, "ते आदल्या दिवशीचं असेल. रोजच भरते ना. एक दिवस दुसऱ्यासारखाच."

"असू शकेल."

"आणि त्या दिवशी मी वर गेले असेन. दार उघडं दिसलं असेल. सवयीने लावलं असेल. आत पोर आहे हे बघितलंच नसेल मी."

"असं होऊ शकतं, मावशी."

आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर तो उजेड आला. कोडं सुटताना मुलाच्या चेहऱ्यावर येतो तो, कपाळापासून खाली उतरणारा. याच उजेडासाठी सर शिक्षक झाले होते, दुसरं कुठलंही कारण नव्हतं. तो ओळखायला त्यांना कधीच वेळ लागला नव्हता. आताही लागला नाही, आणि आतून त्यांना नेहमीसारखाच, अगदी तसाच, आनंद झाला.

"बरं झालं बाई, कळलं," मावशींनी डोळे पुसले. "कालपासून वाटत होतं, मी खरी आणि अख्खं जग माझ्यावर उठलंय. मनातल्या मनात काय काय बोलले मी सगळ्यांना. त्या एवढ्याशा पोरीलासुद्धा. ती बिचारी खरंच सांगत होती." त्या उठल्या, पुन्हा बसल्या. "सर, ते लिहून द्यायचंय ना, ते तुम्हीच लिहा. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. उद्या खोली रिकामी करते म्हणून पण लिहा."

सरांनी कोरा कागद घेतला. त्या सांगत गेल्या, ते लिहीत गेले. दोन ठिकाणी त्यांनी वाक्य नीट करून दिलं. मग वाचून दाखवलं, "मला तो प्रसंग नक्की आठवत नाही, परंतु..."

"ते खोडा," मावशी म्हणाल्या.

"का? असू द्या ना."

"नको. आठवत नाही म्हटलं की पळवाट काढल्यासारखं दिसतं. तिच्या आईला काय वाटेल?" त्यांनी उजवा हात उताणा धरला आणि तळव्याकडे पाहत राहिल्या, जणू तिथे काही उमटलंय. चेंडूचा आवाज थांबला होता, सुट्टी संपत आली होती. "आणि सर, आता आठवतंय मला. तुम्ही समजावलंत तसं सगळं एकेक येतंय वर. जिना चढले. दार ओढलं. कडी थंडगार लागली होती हाताला." त्यांनी मूठ मिटली. "आतून काहीतरी आवाजही आला होता बहुतेक. हो. आला होता. मीच लक्ष दिलं नाही. तेही लिहा."

सरांनी मान खाली घातली, आणि शुद्ध, वळणदार अक्षरात तेही लिहिलं.